प्रोबेटला घाबरू नका ताई, आधी आखीव पत्रिकेवर नाव कोणाचं आहे ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. बाबा त्र्याहत्तरचे, मनीषनगरचा फ्लॅट त्यांच्या नावावर, सोमलवाड्याकडे एक आरएल (नियमितीकरणाचं पत्र) झालेला प्लॉट, काटोल तालुक्यात संत्र्याची बाग, बँकेत एफडी आणि थोडे म्युच्युअल फंड. घरात आई आहे, नव्वदी ओलांडलेली आजी आहे, भावंडं तुम्ही तिघं, तुम्ही इथे, मोठा भाऊ पुण्यात आणि धाकटा न्यू जर्सीत. धाकट्याने तिकडचे व्हिडिओ बघून सांगितलं की मृत्युपत्र केलं तर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) लागते, कोर्टात वर्षं जातात, म्हणून सगळं लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच मिळकत ज्याच्या नावावर करतात असा न्यास) टाका, आणि त्या कागदांचे इथे कोणीतरी तुम्हाला दीड लाख सांगितले. करायचं का, असं विचारता.

नका करू. निदान या कारणासाठी तर नकाच करू.

मी नागपूरच्या कोर्टात दिवाणी बाजूला काम करतो, वारसा आणि मिळकतीचीच प्रकरणं जास्त, आणि गेल्या काही वर्षांत हा ट्रस्टचा प्रश्न फार लोकं विचारून राहिले. धाकट्या भावाची चूक नाही, तो राहतो तिथे ते खरं आहे. अमेरिकेत एकट्याच्या नावावरची मिळकत वारसांकडे जायची तर बहुतेक वेळा कोर्टातून जावं लागतं, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वकिलाची फी कायद्यानेच मिळकतीच्या किमतीवर ठरलेली आहे, पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २, असं. आणि ही टक्केवारी घरावरचं कर्ज वजा न करता लावतात. मग तिथले लोक ट्रस्ट करणारच. गंमत म्हणजे तुमचा भाऊ आहे त्या न्यू जर्सीत प्रोबेट तुलनेने सोपी आहे, माणूस गेल्यावर दहा दिवस थांबून काउंटीच्या सरोगेट ऑफिसात, म्हणजे मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या तिथल्या कार्यालयात, मृत्युपत्र दाखल करता येतं. म्हणजे व्हिडिओ कॅलिफोर्नियाचा, बघणारा न्यू जर्सीचा आणि मिळकत काटोलची.

आता आपल्याकडचं. भारतीय वारसा कायदा १९२५ चा, त्यातल्या कलम २१३ आणि ५७ प्रमाणे हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीची होती ती फक्त मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या जुन्या इंग्रजी अंमलाच्या ठिकाणी, म्हणजे मृत्युपत्र तिथे केलेलं असेल किंवा त्यातली स्थावर मिळकत तिथे असेल तर. (कलकत्त्याच्या बाजूला बंगालचा जुना मुलूखही त्यात येत होता.) नागपूर त्यात कधीच नव्हतं. आपण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतो, १९३६ पासून आपलं स्वतःचं हायकोर्ट होतं, मुंबईशी संबंध आला १९५६ मध्ये. आता 'मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ' असं नाव असल्यामुळे लोकांना वाटतं की मुंबईचा नियम इथेही चालतो, पण तो नियम हायकोर्टाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राला, म्हणजे जिथले दावे थेट हायकोर्टात दाखल होतात त्या हद्दीला, जोडलेला होता, आणि ते क्षेत्र मुंबई शहरापुरतंच आहे, खंडपीठाला ते नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम २१३ च काढून टाकलं, त्यामुळे आता मुंबईच्या फ्लॅटसाठीही सक्ती राहिली नाही. प्रोबेट घ्यायची तर घेता येते, मृत्युपत्रावर कोणी वाद घातला किंवा एखादी संस्था अडून बसली तर ती कामाचीही असते, पण ती ऐच्छिक. म्हणजे जी भिंत चुकवायला तुम्ही दीड लाख देऊन राहिल्या ती भिंत तुमच्या रस्त्यात नव्हतीच.

मग लोकांची वर्षं जातात कशात? दोन गोष्टींत. एक, कागदावर नाव गेलेल्या माणसाचंच नसतं, त्याच्या बापाचं किंवा आजोबाचं असतं. दोन, मृत्युपत्रच नसतं आणि सगळ्या वारसांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत.

पहिलं घ्या, कारण पैसे आणि वेळ इथेच घालायचा आहे. नागपूरच्या महाल भागातलं एक घर सांगतो, गल्लीतलं, खाली दुकान वर खोल्या. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव पणजोबाचं. आजोबा गेले, कोणी वारस नोंद केली नाही, काऊन की घरात भांडण नव्हतं ना, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. मग वडील गेले. टॅक्सची पावती मात्र वडिलांच्या नावाने येत होती, म्हणून सगळ्यांना वाटायचं की घर वडिलांचं आहे. वडिलांनी रीतसर मृत्युपत्र केलं होतं, रजिस्टर केलेलं, दोन साक्षीदार, सगळं चोख. पण मृत्युपत्राने माणूस स्वतःचं तेवढंच देऊ शकतो, आणि पत्रिकेवर पणजोबा असल्यामुळे पणजोबाच्या प्रत्येक पोरीची, नातीची, त्यातल्या गेलेल्यांच्या पोराबाळांची यादी काढायची वेळ आली, कोणी भंडाऱ्याला, कोणी छिंदवाड्याला, एक शाखा तर कुठे गेली तेच कोणाला माहीत नाही. मृत्युपत्र चांगलं असून पडून राहिलं. प्रोबेटचा यात काही संबंध आला का? नाही आला.

म्हणून बाबांना सांगा, या आठवड्यात तीन कागद काढा. फ्लॅट असेल तर आधी बघा की सोसायटी आहे की अपार्टमेंट कायद्याखालचं कंडोमिनियम (जिथे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळ्या दस्ताने मिळते), नागपुरात दुसरा प्रकार खूप आहे, आणि तिथे बिल्डरने डीड ऑफ अपार्टमेंट करून दिलं का ते बघा. नुसता करारनामा आणि ताबापत्र असेल तर बिल्डर जिवंत आणि जागेवर आहे तोवर डीड करून घ्या, नंतर त्याच्या वारसांच्या मागे फिरावं लागतं. आणि भूमापन झालं असेल तर आखीव पत्रिका काढा, बाहेरचे लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, ऑनलाइनही निघते. त्यावर नाव, क्षेत्र, आणि सत्ता प्रकार (जागा कोणत्या हक्काने आहे ते) नीट वाचा. सत्ता प्रकारात नझूल (सरकारी जागा) किंवा भाडेपट्टा दिसला तर लीज कधी संपते ते बघायचं, कारण संपलेल्या लीजची जागा वारसांच्या नावावर चढवताना आधी नूतनीकरणाचं लफडं समोर येतं आणि तोवर अर्ज टेबलावर.

आरएलचा प्लॉट. इथे नव्वद टक्के घरात गैरसमज असतो (टक्केवारी माझ्या अंदाजाची, मनावर घेऊ नका). आरएल म्हणजे नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यासने) गुंठेवारीखाली, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याच्या कायद्याखाली, प्लॉट नियमित केल्याचं पत्र. ती मालकी नव्हे. मालकी विक्रीपत्राने येते. जुन्या लेआउटमध्ये कित्येक लोकांकडे संस्थेचं वाटपपत्र आहे, आममुखत्यारपत्र आहे, पैसे भरल्याच्या पावत्या आहेत, आरएल पण आहे, पण नोंदणीकृत विक्रीपत्र नाही. तुमच्या बाबांकडे विक्रीपत्र आहे का ते आधी बघा, आहे तर त्यातला खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि आरएलवरचा खसरा नंबर जुळतो का ते बघा. न जुळणं फार कॉमन आहे आणि बाबा हयात असताना चूकदुरुस्ती लेख करायला एक दिवस लागतो, नंतर पाच वारसांना मिळून ते करावं लागतं.

बाग. सातबारा काढा आणि त्यासोबत जुने फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी) काढा, कारण प्रश्न हा आहे की बाग बाबांकडे आली कुठून. त्यांनी स्वतः विकत घेतली असेल तर ती त्यांची, हवी त्याला देतील. आजोबांकडून आली असेल आणि ती एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित म्हणावी अशी असेल, तर बाबांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो आणि त्यात तुमचा, म्हणजे मुलीचा, जन्मापासून भावांइतकाच हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले पाहिजेत असं काही नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही. उलट बाजूनेही लोक गडबड करतात, आजोबांकडून आलं म्हणजे सगळं वडिलोपार्जित असं नसतं, आजोबांची स्वकष्टाची जमीन १९५६ नंतर वारसाने बाबांकडे आली असेल तर ती साधारणपणे बाबांची स्वतःचीच धरतात. म्हणून जुने फेरफार. गावच्या पटवाऱ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, जाऊन बसा एक दिवस.

आता दुसरी गोष्ट, मृत्युपत्र नसेल तर काय होतं. तुमच्याच घराचा हिशोब मांडतो कारण तुमच्या घरात आजी आहेत आणि त्यामुळे तो लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा येतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग एकच्या वारसांत विधवा पत्नी, मुलं, मुली आणि आई येते. वडील त्यात नाहीत, आई आहे. म्हणजे बाबा उद्या गेले (देव न करो, पण हिशोब करावाच लागतो) तर पाच समान हिस्से, आई, आजी आणि तुम्ही तिघं, प्रत्येकी एक पंचमांश. पुढे आजी गेल्या की त्यांचा पंचमांश तुमच्या काकांना, आत्यांना आणि बाबांच्या वाटेचा म्हणून तुम्हा तिघांना मिळून जातो. झालं, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आता आत्याचा हिस्सा आला. आत्या कितीही चांगली असो, फ्लॅट विकताना घेणाऱ्याचा वकील तिची सही मागणार, आणि ती नसेल तर तिच्या पोरांची. "नवरा गेला की सगळं बायकोचं" हे आपल्याकडे लोक जे गृहीत धरतात ना, ते कायद्यात कुठेच नाही.

नागपुरात अजून एक विचारणा नेहमी असते, आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला कोणता कायदा? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागतो, वरचाच हिशोब. मुस्लिम कुटुंबात वेगळं आहे, तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही, त्यांनी त्यातल्या जाणकाराला विचारावं. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींनी लक्षात ठेवायचं की लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं.

तर बाबांनी साधं मृत्युपत्र करावं. साधं म्हणजे खरंच साधं. स्टॅम्प पेपर लागत नाही, कोऱ्या कागदावर चालतं, मराठीत चालतं, हाताने लिहिलेलं चालतं. कायद्याला पाहिजे काय, तर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार ज्यांनी त्याला सही करताना पाहिलं किंवा त्याने ज्यांच्यापुढे सही आपली असल्याचं कबूल केलं, आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या केल्या. बस. साक्षीदार बाबांच्या वयाचे घेऊ नका ताई, सगळे जण तेच करतात, मॉर्निंग वॉकचे दोन मित्र आणतात, आणि दहा वर्षांनी कोर्टात सिद्ध करायची वेळ आली की दोघंही नसतात. किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. चाळिशीतले, नागपुरात स्थायिक, ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. शेजारचा बँकेतला माणूस, फॅमिली डॉक्टर. डॉक्टर असतील तर त्यांच्याकडून त्याच तारखेचं मन शुद्धीवर असल्याचं सर्टिफिकेटही जोडून घ्या, बाबांना ऑपरेशन झालेलं असेल किंवा गोळ्या चालू असतील तर हे कराच.

मिळकतीचं वर्णन मात्र साधं नको, ते भरगच्च पाहिजे. "माझा सोमलवाड्याचा प्लॉट मुलीला द्यावा" असं लिहिलेली मृत्युपत्रं मी बघितली आहेत, आणि बापाचे सोमलवाड्यात प्लॉट दोन. असं लिहा: "मौजा सोमलवाडा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) अमुक, खसरा नं. अमुक, तहसील व जिल्हा नागपूर येथील, अमुक संस्थेच्या लेआउटमधील प्लॉट नं. अमुक, क्षेत्रफळ इतके चौ.मी., जो मी दस्त क्र. अमुक, दिनांक अमुकच्या विक्रीपत्राने खरेदी केला, पूर्वेस अमुक, पश्चिमेस अमुक, उत्तरेस, दक्षिणेस." चतुःसीमा टाका. आणि शेवटी एक वाक्य जे बहुतेक लोक विसरतात, की वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी बाकी सगळी मिळकत अमक्याला. ते नसलं की विसरलेली एक एफडी पुन्हा पाच हिश्शांत जाते. तसंच ज्याला दिलं तो बाबांच्या आधी गेला तर कोणाला, हेही लिहा. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून एकाचं नाव घाला, नागपुरात राहणारा. म्हणजे तुम्हीच. न्यू जर्सीवाला नको, सह्यांसाठी कोण बोलावणार त्याला.

कोणाला कमी द्यायचं असेल तर कारण लिहा. एक ओळ. "धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च मी आधीच केला आहे" इतकं पुरे. कोर्ट मृत्युपत्राकडे संशयाने केव्हा बघतं, तर जवळच्याला वगळलं आणि का ते कुठेच नाही, ज्याला जास्त मिळालं त्यानेच सगळी धावपळ केली, तेव्हा. हे १९५९ पासूनचं ठरलेलं तत्त्व आहे. म्हणून ज्या दिवशी सही असेल त्या दिवशी तुम्ही खोलीत थांबू नका.

रजिस्टर करायचं का? सक्ती नाही, न केलेलं मृत्युपत्रही तितकंच वैध आहे, आणि नंतरचं साध्या कागदावरचं मृत्युपत्र आधीच्या रजिस्टर केलेल्याला रद्द करतं. पण आमच्याकडे मी सांगतो की करा. मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणी फी १०० रुपये, आणि फायदा असा की बाबा स्वतः दुय्यम निबंधकासमोर गेले, फोटो निघाला, अंगठा लागला, मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. मृत्युपत्रांची नोंद वेगळ्या पुस्तकात असते आणि बाबा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्यांनाच मिळते, भावजयीने जाऊन मागितली तरी नाही मिळणार, या भीतीने लोक रजिस्टर करत नाहीत म्हणून सांगतो.

नॉमिनीचं आता. "सगळीकडे नॉमिनी लावलेत, मग मृत्युपत्र काऊन?" हे रोज ऐकतो. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते नाव, तो वारसांचा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअर्स आणि फंडांबद्दलही सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात थोडं वेगळं, २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी नॉमिनी, म्हणजे पैशाचे हक्कदारच, धरले जातात. तरीपण नॉमिनी लावाच, सगळीकडे लावा, कारण पैसे पटकन हातात येतात, आणि मृत्युपत्रात ज्याला द्यायचं त्याचंच नाव नॉमिनीत ठेवा म्हणजे दोन कागद एकमेकांशी भांडणार नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीने वाटूनही. लॉकरला मात्र एकामागून एक असेच.

नॉमिनी नसेल तर बँका पूर्वी सरळ "सक्सेशन सर्टिफिकेट आणा" म्हणायच्या, अजूनही काउंटरवरचा माणूस म्हणेल. पण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, साध्या बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, वाद नसेल तर, कोर्टाच्या कागदाशिवाय सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा, सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत. हे निर्देश मोबाइलमध्ये ठेवून जा. सक्सेशन सर्टिफिकेट हे येणं-घेणं, ठेवी, शेअर्स यांच्यासाठी असतं हेही लक्षात असू द्या, घराजागेसाठी ते चालत नाही.

बक्षीसपत्राचा मोह बाबांना होईल. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा गेलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. दुकानाला ही सवलत नाही. ट्रस्टला तर नाहीच, आणि हेच त्या दीड लाखवाल्याने तुम्हाला सांगितलं नसेल, की ट्रस्टमध्ये फ्लॅट टाकायला नोंदणी आणि मुद्रांक लागेल, पॅन लागेल, हिशोब ठेवावे लागतील, आणि ट्रस्ट रद्द करता येण्यासारखा असेल तर उत्पन्न शेवटी बाबांच्याच डोक्यावर कराला धरणार. ट्रस्ट मी करायला सांगतो ते घरात मतिमंद किंवा ऑटिझम असलेलं मूल असेल तेव्हा, कारण आईबाप गेल्यावर त्याचा महिन्याचा खर्च कोणीतरी बांधील राहून करायला पाहिजे, आणि त्यासोबत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घ्यायचा. तुमच्या घरात तसं काही नाही.

बक्षीसपत्राचं म्हणाल तर वारसांना ते सगळ्यात सोपं आणि देणाऱ्याला सगळ्यात धोक्याचं. आज नाव गेलं की गेलं, मृत्युपत्रासारखं उद्या बदलता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द करता येतं, पण त्यासाठी सांभाळायची अट असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून द्यायचंच असेल तर अट आणि आईबाबांचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क दस्तातच लिहा. डोक्यावरचं छप्पर हयातीत कोणाच्याही नावावर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, पोरं कितीही सोन्यासारखी असोत. प्लॉट द्यायचा तर द्या, पण मोकळा प्लॉट म्हणजे राहतं घर नव्हे, २०० रुपयांची सवलत त्याला बसते का ते दस्त लिहायच्या आधी विचारून घ्या.

धाकट्याच्या बाबतीत एक खास गोष्ट. तो अनिवासी आहे, त्याला काटोलची बाग बक्षीस देता येत नाही, परकीय चलनाचे नियम शेतजमिनीचं बक्षीस अनिवासींना घेऊ देत नाहीत. वारसाने किंवा मृत्युपत्राने मात्र मिळू शकते. म्हणजे बागेत त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र हाच रस्ता. पुढे विकून पैसे तिकडे न्यायचे तर एनआरओ खात्यातून (अनिवासींचं इथलं रुपयांचं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, कर भरून, कागद दाखवून नेता येतात, आपल्या बागेला तेवढी मर्यादा पुरून उरेल. आणि बाबांनी कोणत्या ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेतलेत का ते विचारा. भारतात संपदा शुल्क, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मिळकतीवर लागणारा कर, १९८५ ला गेलं पण अमेरिकेत ते आहे, आणि तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला सूट फक्त ६०,००० डॉलरची, वरच्यावर ४० टक्क्यांपर्यंत.

आईनेही स्वतःचं मृत्युपत्र करावं, दागिने, खातं, पेन्शनची शिल्लक जे असेल त्याचं. आणि घरात मूल नसलेली मावशी-आत्या असेल तर तिला तर हात धरून घेऊन या, कारण नवरा हयात नसलेली, मूलबाळ नसलेली हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःच्या पगारातून घेतलेली मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही. दिरांना मिळते आणि सांभाळणारी भाची बघत बसते.

एक राहिलं. तुम्ही लिहिलं की बाबांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलंय, सगळे व्यवहार तुम्हीच बघता, म्हणून चिंता नाही. मुखत्यारपत्र बाबांच्या श्वासासोबत संपतं. त्यानंतर त्यावर केलेली एकही सही चालत नाही, एटीएममधून काढलेले पैसेसुद्धा नंतर भाऊ विचारू शकतात. आईला खात्यावर दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो, अशा पद्धतीने जोडून ठेवा, पहिल्या दोन महिन्यांचा खर्च तरी अडणार नाही.

आणि हे सगळं न करता बाबा गेलेच तर भावंडांत एकोपा असेल तोवर हक्कसोडपत्र हा मार्ग आहे, पण ते नोंदणीकृतच लागतं, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेलं चालत नाही. धाकटा येऊ शकत नसेल तर त्याने तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) करून मुखत्यारपत्र पाठवायचं, आणि ते पाकीट इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यायचा. पाकिटावरची पोचल्याची तारीख फाडून फेकू नका, मुद्रांक कार्यालयात तीच विचारतात.